मथळ्यांचे उत्तरायुष्य

समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव पुष्कळांना केवळ चौरस्ता म्हणून ठाऊक असते, कारण नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला चंद्रपूरचा फाटा येथेच फुटतो. परंतु हमरस्त्यावरच्या गावाला जगाची खबर थोडी लवकर लागते, आणि नागपूरचे वर्तमानपत्र हाती पडल्यावर ते चारचौघांत मोठ्याने वाचण्याची, त्यावर हिरीरीने वाद घालण्याची व दुसऱ्या दिवशी त्याच कागदात फुटाणे बांधून नेण्याची जी रीत या मुलखात होती, तिच्यामुळे मथळे लोकांच्या तोंडी दीर्घकाळ राहत. त्या मथळ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जुने अंक चाळताना मला वाटत आले आहे की, वर्तमानपत्रातील खरा विनोद या उत्तरायुष्यातच दडलेला असतो, आणि मनुष्याच्या आशेविषयी व भयाविषयी ममत्व उत्पन्न करण्याचे त्याचे सामर्थ्य फार मोठे आहे.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९५५ च्या ऑक्टोबरात जी बातमी मथळ्यावर आली, तिच्याइतकी निश्चयात्मक भासणारी बातमी क्वचितच छापली गेली असेल. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस केली होती. शिफारस सरकारी, आयोग नामांकित, अहवाल विस्तृत. आता अंमलबजावणी तेवढी उरली, असे कोणाही वाचकाला वाटावे. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठही जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ज्या शेतकऱ्याने जामची शीव कधी ओलांडली नाही, तो १९४९ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, पुढच्या वर्षी मध्यप्रदेशात, त्यानंतर मुंबई राज्यात आणि शेवटी महाराष्ट्रात. म्हणजे अकरा वर्षांत त्याने चार राज्यांत वास्तव्य केले, आणि या सर्व काळात त्याचे वावर तेच, विहीर तीच व वावरातली पऱ्हाटीही तीच होती. नागपूरची राजधानी गेली, तिच्या मोबदल्यात १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले, आणि दर हिवाळ्यात स्वतंत्र विदर्भाचा मथळा नव्याने छापला जाऊ लागला. ही मागणी करणाऱ्यांची कळकळ मी जवळून पाहिली आहे. तिला हसण्याची माझी इच्छा नाही. हसू येते ते त्या पहिल्या मथळ्याच्या निःशंकपणाचे.

१९६२ च्या फेब्रुवारीत तर जगच संपावयाचे होते. ३ ते ५ या तारखांना मकर राशीत अष्टग्रही जुळून येणार, या बातमीने देशभर होमहवनांची धूम उडवून दिली, लोकांनी प्रवास रद्द केले, आणि पंडित नेहरूंनी ही गोष्ट हसण्यावारी नेली तरी शंकित मनांचे समाधान झाले नाही. ६ तारीख नेहमीप्रमाणे उजाडली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी सार्वत्रिक निवडणुका सुरू झाल्या आणि यवतमाळास १९१८ साली ‘लोकमत’ साप्ताहिक काढणारे लोकनायक बापूजी अणे, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, विदर्भाच्याच प्रश्नावर नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले, तेव्हा अष्टग्रहीचे फळ जरा उशिराने मिळाले, असे म्हणून अनेकांनी भविष्याची अब्रू राखली.

कित्येकदा मथळा इतका प्रतापी ठरतो की, वस्तुस्थिती त्याच्यापुढे लोपते. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’चा ६ जुलै १८९७ चा मथळा प्रत्येक शाळकरी मुलास पाठ असतो, आणि त्याच्याचपायी टिळकांना कारावास घडला, असे तो मुलगा छातीठोकपणे सांगतो. खटला चालला तो १५ जूनच्या अंकातील ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता व शिवोत्सवाचा वृत्तांत यांवरून. ज्युरीतील सहा युरोपियनांनी दोषी व तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष ठरविल्यावर न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी फर्मावली. ज्या मथळ्याने सरकारच्या डोक्याची विचारपूस केली, तो आरोपपत्रात नव्हताच.

परंतु अंतराळातून खाली आलेल्या मथळ्याची कथा मला सर्वांत प्रिय आहे. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची सुमारे सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा ‘स्कायलॅब’ पृथ्वीवर कोसळणार, नेमकी कोठे ते सांगता येत नाही, असे छापून आले, आणि ‘सांगता येत नाही’ या तीन शब्दांत ज्याने त्याने आपापले गाव वाचले. जामवरून जाणारा रस्ता पुढे ज्या तेलंगणात उतरतो, तेथे लोकांनी शेवटची मेजवानी म्हणून कोंबड्या-बकरी कापली, आणि त्या सुमारास जन्मलेल्या काही मुलांची नावे चक्क स्कायलॅब ठेवली गेली. ती मुले आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. ११ जुलैला ते यंत्र हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले. पहिला तुकडा बहात्तर तासांच्या मुदतीत आणून देणाऱ्यास ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ या पत्राने दहा हजार डॉलरांचे इनाम लावले होते. ते एस्पेरन्स गावच्या सतरा वर्षांच्या स्टॅन थॉर्नटनने पटकावले. त्याच गावच्या स्थानिक संस्थेने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला चारशे डॉलरांचा दंड केला. हा दंड भरला गेला तो २००९ साली, आणि तोही एका अमेरिकन नभोवाणी निवेदकाच्या श्रोत्यांनी वर्गणी गोळा करून.