अर्धी लंका पुरे

लंकेत सोन्याच्या विटा, पण आपल्याला काय त्यांचं, असं म्हणून आपण हे बेट फार दिवस दूर ठेवलं. मुंबईहून विमान अडीच-पावणेतीन तासांत कोलंबोला उतरतं. तरीही मराठी माणूस श्रीलंकेला जातो तो बहुधा सहलकंपनीच्या बसमधून. गळ्यात बिल्ला, सकाळी अशोकवाटिका, दुपारी रावणाचा धबधबा, रात्री पंजाबी जेवण. स्वतःच्या हिमतीवर, पाठीवर पिशवी टाकून जायचं तर आठवडा पुरतो का? पुरतो. मात्र अर्ध्याच लंकेला, आणि तेवढ्यावर समाधान मानायची तयारी असेल तर.

घोटाळा नकाशापासून सुरू होतो. बेट तळहातावर मावेल असं दिसतं. ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-पंचमांशाहून जरासं जास्त. मग आपण पेन घेऊन कोलंबो, अनुराधपुर, जाफना, त्रिंकोमाली, कँडी, गॉल अशी गोल प्रदक्षिणाच आखतो. पण कोलंबो ते कँडी हे ११५ किलोमीटरचं अंतर साध्या बसला साडेतीन तास खातं. रस्ते चांगले आहेत, पण अरुंद. त्यात गावं संपत नाहीत, वळणं संपत नाहीत आणि पुढची टुकटुक कडेला सरकत नाही. नकाशावर दोन बोटं, गाडीत चार तास, असाच हिशेब धरावा. प्रदक्षिणा घातलीत तर सात दिवस खिडकीतच जातील.

तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे महिना. या बेटावर दोन पावसाळे आहेत. आपल्याकडे जूनमध्ये येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा मे महिन्यातच लंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा भिजवू लागतो आणि सप्टेंबरपर्यंत भिजवतो. ईशान्येकडचा पाऊस हिवाळ्यात, तो पूर्व आणि उत्तर किनाऱ्यावर. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस कुठेही गाठतो. म्हणजे आपल्याला सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि नेमक्या त्याच वेळी गॉलचा समुद्र खवळलेला किंवा आभाळ फाटलेलं. त्यापेक्षा जानेवारी ते मार्च उत्तम. मेमध्येच जायचं असेल तर दक्षिणेचा नाद सोडून सिगिरियावरून पूर्वेला त्रिंकोमाली गाठावी, तिथला समुद्र तेव्हा शांत असतो.

दुसरी गोष्ट पौर्णिमा. दर पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. दारू मिळत नाही, मटणाची दुकानं बंद आणि देवळांकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे वेसाकला, रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात आणि ‘दन्सल’ उभी राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जेवू घालणारी ही अन्नछत्रं वारीच्या वाटेवर जेवलेल्याला परकी वाटणार नाहीत.

पहिल्या रात्री कोलंबोत शिरू नये. विमानतळ मुळात कोलंबोत नाहीच, तो कटुनायकेला आहे आणि तिथून नेगोंबो जवळ. कोळ्यांचं, चर्चचं, वाळत घातलेल्या मासळीच्या वासाचं गाव. पोर्तुगीज इथेही आले, बाप्तिस्मे देऊन गेले, त्यामुळे वसईच्या माणसाला इथे पहिल्याच सकाळी ओळखीचं वाटतं.

वसईच्या शेजारचा एक धागा तर थेट ‘महावंस’ या पाली ग्रंथात सापडतो. सिंहली लोकांचा मूळपुरुष मानला गेलेला विजय राजपुत्र, सातशे सोबत्यांसह हद्दपार झाल्यावर आधी उतरला तो सुप्पारकाच्या बंदरात. सुप्पारक म्हणजे आपलं सोपारा, आजचं नालासोपारा. सोबत्यांनी तिथे दंगा केल्यामुळे काढता पाय घ्यावा लागला आणि गलबत लंकेला लागलं. दंतकथाच ती, पण भाषेचं नातं खरं आहे. सिंहली ही मराठीसारखीच इंडो-आर्य कुळातली. एक, देक, तुन, हतर, पह, असे आकडे कंडक्टरच्या तोंडून ऐकले की कान टवकारतात. दाताला दत, कानाला कन, हाताला अत. आणि थोरल्या बहिणीला अक्का! मुक्कामाच्या घरमालकिणीला मी अक्का म्हणालो, तर तिला वाटलं मी सिंहली शिकून आलोय.

दुसऱ्या दिवशी बस. सरकारी बस लाल असते, बांधणी बहुधा अशोक लेलँडची, त्यामुळे लालपरीत बसल्यासारखंच वाटतं. फरक दोन. ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्ध, गणपती आणि कधी कधी येशूसुद्धा एकाच रंगीत दिव्यांच्या माळेत नांदतात. आणि दारापाशी पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते. मी अजाणता तिथे बसलो होतो. कुरुनेगलला भगवी चीवरं नेसलेले एक वृद्ध भिक्खू चढले तेव्हा कोणी काही बोललं नाही, फक्त सगळी बस माझ्याकडे बघू लागली. उठलो.

डम्बुल्लाची लेणी वेरूळ पाहिलेल्याला आकाराने दिपवणार नाहीत. पण तिथल्या छतांवरचं चित्रकाम पाहावं. खडक जसा उंचसखल आहे तसाच रंगवलाय, जणू दगडावर छापील कापड ताणून बसवलंय. सिगिरिया मात्र सकाळी सातला गाठायलाच हवं. नऊनंतर उन्हात हजारभर पायऱ्या चढणं ही शिक्षा आहे.

बापाला मारून गादी घेतलेल्या कश्यपाने पाचव्या शतकात या सुमारे २०० मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला, भावाच्या भीतीने. भाऊ १८ वर्षांनी आलाच. या गडाची मजा माथ्यावर नाही, मधल्या टप्प्यावर आहे. तिथे घोटून गुळगुळीत केलेली ‘आरसाभिंत’ आहे आणि तिच्यावर जुन्या प्रवाशांनी कोरलेल्या ओळी. वरच्या कपारीतल्या रंगवलेल्या स्त्रिया पाहून विरघळलेले लोक भिंतीवर कविता खरडून गेले. सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. आपल्या गडांवर बदाम आणि बाण कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, इथे हजार वर्षांत तेच साहित्य झालं. अर्थात आता कोणी खडू काढला तर पोलिस नेतात.

तिकिटाबद्दल एक सांगून ठेवतो. परदेशी माणसाला सिगिरियाचं तिकीट डॉलरमध्ये आणि चांगलंच महाग पडतं, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. तो हॉटेलात ठेवून आलात तर पूर्ण पैसे मोजा. व्हिसाची ऑनलाइन परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावी, शुल्काचे नियम वरचेवर बदलतात. रोख जवळ असू द्या. आपलं यूपीआय २०२४पासून तिथे चालतं, पण ते क्यूआर लावलेल्या दुकानात. बसमध्ये नाही.

कँडीला एक संध्याकाळ पुरे. दळदा मालिगावा या मंदिरात बुद्धाचा दात आहे. कलिंगाच्या राजकन्येने तो केसांत लपवून आणला अशी परंपरा. दात दिसत नाही, दिसते ती सोन्याची मंजूषा, तीही पूजेच्या वेळी, ढोलांच्या आवाजात, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धाकडे पाठ करून सेल्फी घेणं हा तिथे खरोखरचा अपमान समजतात. १८१५पर्यंत कँडीचं राज्य इंग्रजांना मिळालं नव्हतं. शेवटच्या राजाला त्यांनी कैद करून वेल्लोरला ठेवलं.

आता गाडी. खरं म्हणजे सगळा आठवडा कँडी ते एल्ला या सात तासांसाठीच आखावा. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि पाहता पाहता संपतं. आम्हाला मिळालं नाही. एका एजंटाने चौपट भाव सांगितला. मग साधं तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं, काही शे लंकन रुपयांचं, आणि दादरला शिकलेली विद्या वापरून आत शिरलो.

गाडी हळू चालते, ताशी वीस-पंचवीसच्या बेताने, कारण चढ तसाच आहे. हॅटनपर्यंत उभं राहावं लागलं. मग एका कुटुंबाने मुलाला मांडीवर घेऊन जागा करून दिली. तेवढ्यात फेरीवाला आला, डोक्यावर टोपली, एका सुरात ‘वडे वडे वडे, इस्सो वडे’. डाळीचा चपटा वडा आणि त्यावर बसवलेली अख्खी कोळंबी, शेपटीसकट. वर कांदा, लाल तिखट. पुडी कसली, तर शाळेच्या वहीच्या पानाची. माझ्या पानावर निळ्या शाईत भागाकार होता आणि मास्तरांची लाल बरोबरची खूण. उत्तर तेलाने पुसट झालं होतं.

बाहेर चहा. डोंगर विंचरून ठेवल्यासारखे. इथे आधी कॉफी होती. १८६९मध्ये तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळे बसले. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७मध्येच लूलकंदुरेला १९ एकरांत चहा लावून पाहिला होता, तो मग सगळीकडे पसरला. मळ्यांवर राबायला तमिळनाडूतून माणसं आणली. देश स्वतंत्र झाला त्याच १९४८ साली नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना बेवतन केलं, ते निस्तरायला पुढची कित्येक दशकं लागली. उतारावर पाने खुडणाऱ्या बायांचे फोटो सगळेच काढतात. त्यांच्या चाळीच्या खोल्या रुळाला लागूनच आहेत, त्याही दिसतात.

पट्टिपोलाला गाडी १,८९१ मीटरवर पोचते. पुढच्या बोगद्यापलीकडे हवाच बदलते, आम्ही धुक्यात शिरलो आणि उन्हात निघालो. दारात लटकून फोटो काढणारे पर्यटक इथे फार. त्यांत जीवही गेलेत. मुंबईच्या लोकलमधून रोज जाणाऱ्याला या हौसेचं कौतुक वाटणं अवघड आहे. एल्लाचा नऊ कमानींचा पूल १९२१चा, दगड-विटांचा. एल्लाला उतरणाऱ्याला गाडीतून तो दिसत नाही, कारण तो स्टेशनच्या पुढे आहे. तो पाहायचा तर उतरून पुढे चालत जावं लागतं. २०२५च्या नोव्हेंबरअखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळात या डोंगरांत दरडी कोसळल्या आणि लोहमार्गाची मोठी हानी झाली. आमचा प्रवास त्याआधीचा. म्हणून निघण्यापूर्वी गाडी कुठून कुठवर सुरू आहे ते विचारूनच घ्या, आणि नसेल तर त्या टप्प्याला बस आहेच.

जेवणाचं वेगळं सांगायला नको, कोकणातला माणूस इथे उपाशी राहणार नाही. इंडिआप्प म्हणजे आपले शिरवाळे, फक्त गूळ-नारळाच्या रसाऐवजी तिखट आमटीशी. पोलोस म्हणजे फणसाच्या कुयरीची भाजी, तास न् तास शिजवून मांसासारखी केलेली. कवठाचा रस मिळतो. मडक्यातल्या म्हशीच्या दह्यावर भेरली माडाच्या नीरेची काकवी ओतून देतात, ती मात्र आपल्याकडे मिळत नाही याचं वाईट वाटतं. शाकाहाऱ्यांनी एका शब्दाला जपावं, उंबलकड. वाळवलेल्या माशाचा हा चुरा खोबऱ्याच्या चटणीतही असतो आणि भाजीतही. ‘मस् एपा, माळु एपा, उंबलकड एपा’ हे तीनदा म्हणा. एपा म्हणजे नको.

एल्लाहून दक्षिणेला उतरून किनाऱ्याने गॉलला पोचायला पूर्ण दिवस जातो. जाऊ द्यावा. गॉलच्या किल्ल्याचा पाया पोर्तुगीजांचा, तट डचांचे, दीपगृह इंग्रजांचं. आतली गटारं डचांनी अशी बांधली की भरतीच्या पाण्याने धुतली जावीत. हा किल्ला आपल्या किल्ल्यांसारखा ओस नाही. आत शाळा, कोर्ट, मशीद, धुणी वाळत घातलेली घरं. संध्याकाळी तटावर पोरं क्रिकेट खेळतात आणि खाली तटाला लागून कसोटीचं मैदान. सामना असला की तटावरून फुकट दिसतो. शेन वॉर्नने २००४मध्ये पाचशेवा बळी याच मैदानावर घेतला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामीने ते मैदान बुडवलं. जुना तट होता म्हणून किल्ला वाचला, बाहेरचं शहर वाचलं नाही.

सातव्या दिवशी गॉलहून कोलंबोची गाडी घ्यावी आणि डाव्या खिडकीशी बसावं. समुद्र रुळाच्या इतका जवळ येतो की तुषार आत येतात. हिक्कडुवाच्या थोडं पुढे पेरलिया लागतं. त्सुनामीत इथे एक भरलेली गाडी लाटेखाली गेली, हजाराहून कितीतरी अधिक माणसं मेली. तिथे आता पाण्याकडे तोंड केलेला उंच उभा बुद्ध आहे, तो खिडकीतून दिसतो. समोरच्या बाकावरच्या बाई मोबाइल बघत होत्या. तेवढ्यापुरता त्यांनी तो मांडीवर उलटा ठेवला, बाहेर पाहिलं, आणि स्टेशन गेल्यावर पुन्हा उचलला.