कमी मोबदल्यातील अव्वल चढाईपटू : प्रो कबड्डी लीगमधील नवोदितांच्या मोलाची मीमांसा

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी हे लहानसे स्थानक आहे. शहापूर तालुक्याचा हा पट्टा आणि शेजारचा मुरबाड तालुका यांत भातकापणी उरकून खळी मोकळी झाली की कबड्डीचे दिवस सुरू होतात. चुन्याने आखलेली मैदाने, मंडळांचे फलक, चषकासोबत रोख पारितोषिक आणि उत्कृष्ट चढाई व उत्कृष्ट पकड यांसाठीची वेगळी बक्षिसे हे या स्पर्धांचे ठरलेले स्वरूप होय. येथे चांगल्या चढाईपटूची किंमत ठरविण्याची रीत साधी असते. शेजारच्या गावचे मंडळ त्याला बोलावते, येण्याजाण्याचा खर्च व जेवण देते आणि संघ जिंकल्यास बक्षिसातील वाटा त्याच्या हाती ठेवते. तो जे देतो आणि त्याला जे मिळते, यांतील अंतर कोणी मोजत नाही. मात्र ते अंतर असते. २०१४ नंतर हेच अंतर लाखांच्या व कोटींच्या आकड्यांत उघडपणे दिसू लागले. प्रस्तुत लेखात या अंतराचे स्वरूप, त्यामागील नियम आणि त्याचे परिणाम यांचा विचार केला आहे.

किंमत आणि मोल

खेळाडूची किंमत म्हणजे करारानुसार त्याला मिळणारा मोबदला, तर त्याचे मोल म्हणजे त्याच्यामुळे संघाच्या विजयांत आणि पर्यायाने उत्पन्नात पडणारी भर. अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजाराचे विवेचन केले. जेराल्ड स्कली यांनी १९७४ मध्ये त्याच खेळाच्या आकडेवारीवरून असे दाखविले, की खेळाडू एकाच संघाशी बांधलेला असतो तेव्हा त्याचा मोबदला त्याच्या मोलापेक्षा बराच खाली राहतो. कारण उघड आहे. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक आहे, त्याचा भाव गिऱ्हाईकच ठरविते. मोल वजा किंमत या वजाबाकीतून जे उरते, त्याला संघाच्या हाती राहणारा अधिशेष म्हणता येईल.

सर्व संघांच्या एकूण खर्चावर कमाल मर्यादा असते तेव्हा हा अधिशेष निर्णायक ठरतो. मर्यादा नसेल तर श्रीमंत संघ अधिक पैसे ओतून उणीव भरून काढील. मर्यादा असेल तर प्रत्येक संघाची थैली सारखीच असते आणि जिंकण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे त्याच पैशांत इतरांपेक्षा अधिक मोल मिळविणे. अनुभवी खेळाडू खुल्या लिलावात येतो आणि तेथे त्याची किंमत मोलाच्या जवळ, कित्येकदा वरही, जाते. नवोदिताची किंमत मात्र नियमाने आधीच बांधलेली असते. त्यामुळे अधिशेषाचा मोठा साठा नवोदितांच्याच करारांत सापडतो.

या तत्त्वाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकन फुटबॉलमध्ये आढळते. तेथे संघाची आक्रमणे क्वार्टरबॅक हा एकच खेळाडू चालवितो. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्ड या नवोदित क्वार्टरबॅकला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. २०११ च्या सामूहिक करारात नवोदितांसाठी वेतनश्रेणी बांधली गेली आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. पुढचा परिणाम सिअ‍ॅटल संघात दिसला. २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेल्या रसेल विल्सनचा २०१३ च्या हंगामातील भार सुमारे ६ लाख ८० हजार डॉलर होता, तर संघाची खर्चमर्यादा १२ कोटी ३० लाख डॉलर. सर्वांत महत्त्वाच्या जागेवर एकूण मर्यादेच्या एक टक्काही खर्च झाला नाही. उरलेल्या पैशांतून बचावफळी भक्कम करता आली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळविले. कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा याच लीगवरील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले, की पहिल्या काही क्रमांकांच्या निवडींसाठी संघ अवाजवी किंमत मोजतात आणि खरा अधिशेष दुसऱ्या फेरीच्या आसपासच्या खेळाडूंत अधिक असतो. ज्याच्यासाठी सगळे धावतात, तो सहसा स्वस्त पडत नाही.

आपल्याकडील क्रिकेटमध्येही असे उदाहरण आहे. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नई संघाने २०१९ च्या हंगामासाठी २० लाख रुपयांना घेतले. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा करून स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मान मिळविला आणि त्याचा संघ विजेता ठरला. त्या वर्षी संघाची खर्चमर्यादा ८५ कोटी होती. पुढच्याच हंगामासाठी त्याला कायम ठेवताना ६ कोटी, म्हणजे लिलावातील किंमतीच्या तीसपट, मोजावे लागले. परंतु क्रिकेटमध्ये अकरा जणांत धावांची वाटणी होते. कबड्डीत सात जणांच्या संघाचे निम्म्याहून अधिक गुण कधीकधी एकटा चढाईपटू आणतो. क्वार्टरबॅकशी अधिक जवळची तुलना म्हणूनच कबड्डीतील चढाईपटूची होऊ शकते.

कबड्डीतील भाव

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत आठ संघांनिशी सुरू झाली. पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेले १२ लाख ८० हजार रुपये ही सर्वोच्च बोली होती. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली आणि उत्तर प्रदेशच्या संघाने नितीन तोमरसाठी ९३ लाख मोजले. २०१८ मध्ये एक कोटीचा टप्पा ओलांडला गेला. चार वर्षांत भाव दहापटीहून अधिक चढले. खेळातील कौशल्य दहापट वाढले असे कोणी म्हणणार नाही. वाढले ते गिऱ्हाईक. याच सुमारास नव्या मुलांचा शोध घेण्यासाठी देशभर चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या आणि ‘न्यू यंग प्लेअर’ हा वेगळा वर्ग रूढ झाला. या वर्गातील खेळाडू लिलावात उतरत नाही. संघ त्याला ठरलेल्या मोबदल्यावर थेट घेतो आणि चांगला निघाल्यास पुढील हंगामांसाठी लिलावाआधीच कायम राखू शकतो. वर सांगितलेले एकाच गिऱ्हाइकाचे सूत्र येथे नियमानेच आले आहे.

लिलावातून आलेल्या नवोदिताचे उदाहरणही बोलके आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना गेला. ४ कोटींच्या मर्यादेत हा खर्च सुमारे ९ टक्के होतो. पदार्पणातच त्याने चढाईत २१८ गुण मिळविले, म्हणजे एका गुणामागे सुमारे १६ हजार ७०० रुपये पडले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. तेव्हाची मर्यादा ४ कोटी ४० लाख धरल्यास एकट्यावर झालेला खर्च सुमारे ३३ टक्के होतो. त्याही हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण आणले. त्याच्या खेळात काही उणे नव्हते. पण किंमत चौपट झाली आणि मोल तेवढेच राहिले. पहिल्या वर्षी त्याचा संघ बाद फेरीत होता, दुसऱ्या वर्षी त्याचा नवा संघ गुणतक्त्याच्या तळाजवळ. याचा दोष खेळाडूच्या माथी मारण्याची सवय प्रेक्षकांना असते, ती अन्यायकारक आहे.

दोन संघ, एक हंगाम

दहाव्या हंगामासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेला लिलाव या विषयाच्या अभ्यासकाला जणू प्रयोगशाळाच उपलब्ध करून देतो. मर्यादा प्रत्येकी ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांची विक्रमी बोली लावली. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई या बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. पहिल्याचा वाटा ५२ टक्के, दुसऱ्याचा ४७ टक्के. म्हणजेच दोन्ही संघांनी जवळजवळ निम्मी थैली एकाच खेळाडूवर रिती केली. हंगामाअखेर पुणेरी पलटण ९६ गुणांसह अव्वल होती आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून तिने पहिले विजेतेपद मिळविले. टायटन्सना २२ सामन्यांत अवघे दोन विजय लाभले आणि ते शेवटच्या स्थानी राहिले.

महाग खेळाडू घेणे ही चूक असते, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. शादलुई त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि पवननेही चढाईचे काम चोख बजावले. फरक उरलेल्या निम्म्या थैलीत होता. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोघे २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पुण्याकडून प्रथम खेळले. नाशिक जिल्ह्यातील आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत ही मुलेही याच पद्धतीने जोपासली गेली. २०२२ मध्ये संघाने इराणच्या फझल अत्राचलीवर १ कोटी ३८ लाख खर्च केले, अंतिम सामना गाठला आणि तो गमावला. त्यानंतर फझलला मोकळे करून ही तरुण मंडळी मात्र कायम राखली गेली. यांपैकी कोणीही खुल्या बाजारात उभे राहिले नव्हते, म्हणून त्यांच्या किंमती चढल्या नव्हत्या. अस्लम दहाव्या हंगामात कर्णधार होता आणि स्पर्धेतील सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. त्याच्या मोलातून वाचलेला पैसा शादलुईच्या किंमतीत गेला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. टायटन्सकडे पवनच्या बाजूला उभे करण्यासाठी अशी दोन-तीन वर्षे मुरलेली मुले नव्हती.

येथे प्रशिक्षकाचाही वाटा आहे. बी. सी. रमेश यांच्यासारखा जाणता मार्गदर्शक नसता तर स्वस्त मुले स्वस्तच राहिली असती. अधिशेष करारात आपोआप तयार होत नाही. तो सरावाच्या मॅटवर घडवावा लागतो. आकडेमोड करणारे अभ्यासक हे बहुधा विसरतात.

खेळाडूच्या बाजूने

आतापर्यंतचा विचार संघमालकाच्या खुर्चीतून झाला. ज्याला अधिशेष म्हटले, ते खेळाडूच्या दृष्टीने न मिळालेले पैसे असतात. बांधलेल्या मोबदल्याचे समर्थन असे केले जाते, की नवोदिताला घेणे ही जोखीम असते. दहांतील आठ मुले टिकत नाहीत आणि त्यांचा खर्च उरलेल्या दोघांच्या अधिशेषातून निघतो. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु जोखीम केवळ संघाची नसते. चढाईपटूची उमेदीची वर्षे मोजकी असतात आणि गुडघा कधी दगा देईल याचा नेम नसतो. २०२४ च्या अकराव्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीमुळे मध्यातच बाहेर पडला आणि गतविजेता संघ बाद फेरीलाही पोहोचला नाही. संघाचे एक वर्ष वाया गेले. खेळाडूचे गेलेले वर्ष त्याच्या हाती असलेल्या थोड्या वर्षांपैकी एक असते.

सिद्धार्थ देसाईच्या किंमतींचा आलेख या दृष्टीने पुन्हा पाहावा. २०२१ मध्ये टायटन्सने त्याला १ कोटी ३० लाखांना राखले. दुखापतीमुळे तो त्या हंगामात तीनच सामने खेळू शकला. २०२२ मध्ये त्याची किंमत २० लाखांवर आली आणि २०२३ मध्ये पुन्हा १ कोटीवर गेली. ज्या खेळाडूने वधारलेल्या काळात पैसा मिळविला, तो असा एखादा पडता हंगाम सोसू शकतो. ठरलेल्या मोबदल्याच्या वर्षांतच ज्याचा गुडघा गेला, त्याच्याकडे सोसण्यासाठी काहीच साठलेले नसते.

लीग येण्यापूर्वी कबड्डीपटूचा खरा करार नोकरीचा असे. रेल्वे, पोलीस दल, बँका, तेल कंपन्या यांच्या संघांत जागा मिळणे म्हणजे निवृत्तीपर्यंतची तजवीज होती. त्या व्यवस्थेत कोणी कोट्यधीश झाला नाही, पण तिशीनंतर रस्त्यावरही आला नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राबरोबर त्या पदाची शैक्षणिक अर्हताही लागते. द्वितीय वर्ष कला शाखेतील एखादा मुलगा सरावशिबिरासाठी दोन महिने वर्गातून गायब होतो, तेव्हा महाविद्यालयात त्याची चर्चा बहुधा हजेरीपुरती होते. वस्तुतः त्याच्यापुढे दोन करारांचा हिशेब असतो. एकात आजचे ठरलेले लाख आहेत व उद्याच्या कोटींची शक्यता आहे. दुसऱ्यात पदवी आहे व तिच्यावर अवलंबून असलेली नोकरी आहे. सत्र परीक्षेची तारीख पुढे घेऊन दोन्ही साधता येत असतील, तर ते साधू देण्यात महाविद्यालयाचे फारसे काही जात नाही.

मुलींच्या बाबतीत हा हिशेबही मांडता येत नाही. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर तीन संघांची महिलांची स्पर्धा भरविण्यात आली, परंतु तिची पुरुषांसारखी नियमित लीग झाली नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदके मिळविली. पुरुष संघातील पवन सेहरावतवर त्याच आठवड्यात दोन कोटी साठ लाखांची बोली लागली. महिला संघातील खेळाडूंसाठी बोलीची खोलीच नव्हती. त्या आपापल्या नोकऱ्यांवर परतल्या.