मारलं म्हणजे खूनच?

गावात कुणाचा जीव गेला की पारावर निकाल तयार असतो : "आता तीनशे दोन लागणार!" कोर्टात मात्र मारणाऱ्याच्या मनात काय होतं, इथपासून सुरुवात होते.

गैरसमज : माणूस मारला की तो खूनच.

वस्तुस्थिती : कायद्यातला मूळ गुन्हा सदोष मनुष्यवध. खून हा त्याचाच सर्वांत गंभीर प्रकार. भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 नुसार खुनाला फाशी किंवा जन्मठेप. खून न ठरणारा सदोष मनुष्यवध कलम 105 मध्ये येतो. तिथे जीव घेण्याचा हेतू होता, की जीव जाऊ शकतो एवढी जाणीवच होती, यावर शिक्षा ठरते. निव्वळ हयगयीने मृत्यू झाला, तर कलम 106 प्रमाणे एरवी जास्तीत जास्त पाच वर्षं. पारावरचं 302 जुन्या दंड संहितेतलं. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना अजून तेच लागतं.

गैरसमज : रागाच्या भरात मारलं तर खून ठरत नाही.

वस्तुस्थिती : राग गंभीर चिथावणीने आणि एकाएकी आलेला हवा, शिवाय भान सुटलेलं असतानाच कृत्य घडायला हवं. 1959 चं नानावटी प्रकरण आठवा. पत्नीने दुपारी विवाहबाह्य संबंधांची कबुली दिली. नौदल अधिकारी असलेल्या नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगत रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसं घेतली, मग पत्नीचे ज्यांच्याशी संबंध होते त्या आहुजांचं घर गाठून त्यांना मारलं. मधे जवळपास तीन तास गेले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, लोकांची सहानुभूतीही उदंड होती. पण उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. रिव्हॉल्वर आणायला एवढं डोकं चालत होतं, तर भान सुटलं होतं कसं म्हणायचं?

गैरसमज : एकच वार केला, म्हणजे मारायचं नव्हतं.

वस्तुस्थिती : विरसा सिंग खटल्यात (1958) भाल्याचा एकच घाव पोटात बसला होता. तीच जखम करायची होती आणि ती सर्वसाधारणपणे जीव घेण्याइतकी घातक होती, एवढं सिद्ध झालं. खून ठरला.

गैरसमज : गाडीखाली माणूस आला तर तो फक्त अपघात, एफआयआरमध्ये लिहिलं तेच कलम शेवटपर्यंत.

वस्तुस्थिती : 2006 मध्ये मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले. चालक दारू प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने हयगय मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने मात्र, असं गाडी चालवलं तर माणसं मरतील याची जाणीव त्याला होती असं धरून, सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षं सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तीच कायम केली, आणि तीन वर्षंही कमीच आहेत असा शेरा मारला.