मेंदूभोवतीचे पाणी

दीड किलोचा मेंदू मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगतो, तेव्हा त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. हा द्रव शरीरात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात मात्र ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. १८९१मध्ये जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुईने तो काढण्याची रीत घालून दिली आणि कवटी न उघडता मेंदूची खबर मिळू लागली.

ही खबर पुष्कळदा उणिवेतून मिळते, याचे मला सर्वाधिक नवल वाटते. नार्कोलेप्सीत माणसाला दिवसा अनावर झोप येते. २०००मध्ये अशा ९ रुग्णांचा द्रव तपासला, तर ७ जणांत हायपोक्रेटिन सापडलेच नाही. जागे ठेवणारे हे रसायन बनवणाऱ्या पेशीच या आजारात नष्ट होतात. अल्झायमरमध्ये अमिलॉइड-बीटा ४२ हे प्रथिन मेंदूत साचते, म्हणून द्रवात घटते. विस्मरण सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीही.

या द्रवात आठवणी नसतात, विचारही नसतात. पण पेंगणाऱ्याला आळशी आणि विसरणाऱ्याला बेफिकीर म्हणणाऱ्या घराला तो गप्प करू शकतो. माझ्या लेखी हे थोडे नाही.