तालमीची ठणक व पोटाची चरबी

आमचे विद्यार्थी मलंगगडावरून उतरून कल्याणास परततात, त्या रात्रीं त्यांस विशेष कांहीं वाटत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र जिना उतरतांना मांड्या ठणकूं लागतात. ही ठणक चढणीपेक्षां उतरणीची अधिक असते. उतरतांना मांडीचा स्नायु ताणला जात असतांच शरीराचा भार पेलतो, व त्याचे सूक्ष्म तंतु ठिकठिकाणीं तुटतात. मग तेथें दाह उत्पन्न होतो. प्रथम कांहीं तासांत रक्तांतील पांढऱ्या पेशी धांवून येऊन मोडतोड उचलतात. पुढें एकदोन दिवसांत दुसऱ्या पेशी दुरुस्तीस लागतात. काम आटोपलें कीं दाह विझतो, आणि स्नायु पूर्वीपेक्षां कणखर होतो.

पोटांतील चरबी वाढली म्हणजे तेथेंही अशाच पेशी जमतात, पण त्या मुक्कामच ठोकतात. हा दाह ठणकत नाहीं; वर्षानुवर्षें धुमसून इन्शुलिनचें कार्य मात्र बिघडवितो व मधुमेहास वाट करून देतो. आमचा मुलगा तर किडकिडीत, असें कोणी पालक म्हणतील. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं जवळच्या खेड्यांत आरंभिलेल्या अभ्यासांत नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें, विलायतेंतील बालकांचें ३.५, परंतु आपल्या बालकांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबीची तितकी नव्हे. तेव्हां तराजूवर विसंबणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

स्नायु जोरानें राबूं लागला म्हणजे इंटरल्यूकिन-६ नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतो, व त्याच्या मागोमाग दाह शमविणारीं द्रव्यें वाढतात. नवल असें कीं, हेंच द्रव्य स्थूल मनुष्याच्या चरबींतूनही स्रवतें. पण तेथें तें रात्रंदिवस झिरपत राहतें, व्यायामांत उसळतें आणि ओसरतें. शिवाय महिनोगणती नियमानें नमस्कार, दंड वा धांवणें चाललें तर पोटांतील चरबीच घटते.

मात्र पैजेच्या भरांत पहिल्याच दिवशीं शेंकडों बैठका काढणें निराळें. त्यानें स्नायु इतका फुटतो कीं त्यांतील द्रव्यें मूत्रपिंडांस इजा करूं शकतात. अंग विलक्षण दुखून लघवी चहासारखी काळसर झाली, तर मुलास तेल चोळीत घरीं ठेवूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.