रेसर्पीन

सर्पगंधा (रौवोल्फिया सर्पेंटिना, कुल ॲपोसायनेसी) या झुडपाच्या मुळांत, विशेषतः त्यांच्या सालीत, आढळणारे इंडोल वर्गातील अल्कलॉइड. रक्तदाब कमी करणारे व मन शांत करणारे औषध म्हणून ते प्रसिद्धीस आले.

गुणधर्म : याच्या रेणूत कार्बनाचे ३३, हायड्रोजनाचे ४०, नायट्रोजनाचे २ व ऑक्सिजनाचे ९ अणू असतात. हे पांढरे ते फिकट पिवळसर स्फटिकी चूर्ण सु. २६५° से. तापमानास विघटनासह वितळते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. क्लोरोफॉर्मात सहज विरघळते. ते दुर्बल क्षारक आहे. प्रकाशाने त्याचा रंग गडद होतो व विद्राव लवकर बिघडतो. रेणूत दोन एस्टर बंध असल्याने जलीय विच्छेदनाने रेसर्पिक अम्ल, ट्रायमिथॉक्सिबेंझॉइक अम्ल व मिथेनॉल मिळतात.

इतिहास : भारतात ही मुळे निद्रानाश व उन्माद यांवर पूर्वापार वापरीत. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्यांच्या रक्तदाबावरील परिणामाची नोंद केली. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांचा रुग्णांवरील अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीतील जे. म्यूलर, ई. श्लिटलर व एच. जे. बाइन यांनी रेसर्पीन शुद्ध रूपात वेगळे केले; १९५६ मध्ये आर. बी. वुडवर्ड यांनी त्याचे संश्लेषण केले.

क्रिया व उपयोग : तंत्रिकांच्या टोकांतील सूक्ष्म पुटिकांत नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन व सेरोटोनीन साठविलेली असतात. ही द्रव्ये पुटिकांत नेणाऱ्या प्रथिनाचे कार्य रेसर्पीन रोखते. बाहेर राहिलेल्या द्रव्यांचे एंझाइमांमुळे विघटन होऊन साठे रिक्त होतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. मात्र हीच क्रिया अपायांचेही मूळ आहे : सुस्ती, नाक चोंदणे, जठररसाची वाढ व कंपवातासारखी लक्षणे उद्‌भवतात. खिन्नतेशी त्याचा संबंध पुष्कळ काळ मानला गेला; नंतरच्या परीक्षणांत तो निर्विवाद ठरलेला नाही. मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिनासारखी औषधे आल्यावर व रक्तदाबावर अधिक सुसह्य औषधे मिळाल्यावर त्याचा वापर पुष्कळच घटला.

तथापि त्याचे शास्त्रीय महत्त्व टिकून आहे. १९५७ मध्ये आर्व्हिड कार्लसन व सहकाऱ्यांनी रेसर्पिनाने निश्चल झालेल्या प्राण्यांना डोपा देऊन त्यांची हालचाल पूर्ववत केली. यातून मेंदूतील डोपामिनाचे कार्य उमगले व कंपवातावरील उपचाराची दिशा मिळाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

औषधासाठी मुळे खणताना झाड नष्ट होत असल्याने रानटी सर्पगंधा दुर्मिळ झाली. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कराराने नियंत्रण आहे. आफ्रिकेतील रौवोल्फिया व्होमिटोरिया या जातीपासूनही रेसर्पीन मिळवितात.