भोंगा स्टुडिओत, धडधड घरात

दौंडच्या एका वाचक ताईंनी विचारलंय, ‘आमच्या घरचं कुणी सैन्यात नाही, सीमाही शेकडो किलोमीटर लांब. तरी मोबाइलवर युद्धाच्या बातम्या बघून झोप उडते. मी मनानं कमकुवत आहे का?’

अजिबात नाही, ताई. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, घरोघरी हेच चाललं होतं. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं छातीठोकपणे सांगितलं. ते खोटं निघालं. स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे तर इतके वाजले, की १० मेला केंद्राच्या नागरी संरक्षण महासंचालनालयाला ते थांबवा म्हणून सांगावं लागलं. त्यांची काळजी अशी, की लोकांना भोंग्याची सवय होईल आणि खऱ्या वेळी कुणी दाद देणार नाही. रास्तच. पण ज्यांना सवय होतच नाही, त्यांचं काय? भोंगा स्टुडिओतला की गल्लीतला, हे उमगायच्या आत छाती धडधडू लागते. पळायचं कुठे नाही, लढायचं कुणाशी नाही. ताण अंगातच राहतो.

बातम्यांमुळे येणाऱ्या अशा ताणावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या रोक्सान कोहेन सिल्व्हर या मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची खंत वाटते. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर ॲलिसन होलमन आणि डेना रोझ गार्फिन यांच्यासह त्यांनी साडेचार हजारांहून अधिक अमेरिकनांची पाहणी केली. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्यांत घालवणाऱ्यांमध्ये तीव्र ताण आढळला, तोही प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षा जास्त! मुळात चिंता करणारेच जास्त बातम्या बघत असतील, ही शंका येतेच. पण या लोकांच्या स्फोटाआधीच्या मानसिक आरोग्याची नोंद हाताशी होती. ती हिशेबात धरूनही निष्कर्ष टिकला. २०१९ च्या अभ्यासात तर दुष्टचक्रच दिसलं: बातम्यांनी घाबरलेला माणूस पुढच्या घटनेच्या बातम्या आणखी बघतो.

पण म्हणून ‘बातम्या बघून पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) होतो’ असं सांगणाऱ्या रील्सवर विसंबू नका. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-नियमावलीनुसार, कामाचा भाग म्हणून बघावं लागत नसेल, तर निव्वळ पडद्यावरची दृश्यं त्या निदानाला पुरत नाहीत. ताण खरा असतो, पण प्रत्येक ताण म्हणजे आजार नव्हे.

ताई, बातम्यांची वेळ ठरवून घ्या, व्हिडिओपेक्षा मजकूर वाचा आणि झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एवढं करूनही झोप येत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. संकोच न करता फोन करा.